तारांवरची लुगडी

त्या वर्षी गोदावरीच्या पाण्यानं आमच्या गावाला वेढून तीन दिवस झाले होते. गंगाखेडचा रस्ता बुडालेला, वीज बंद. मी गावचा वायरमन; मला काहीच काम उरलं नव्हतं. पाऊस उघडला होता आणि सगळं आभाळ पाण्यात उतरलं होतं. विजेच्या खांबांची एक रांग वर चाललेली, दुसरी पाण्याखालून. बघता बघता डोळे जड व्हायचे.

चौथ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी हाक मारली. शाळेमागच्या घरातली सून अडली होती. "मूल आडवं हाय," त्या म्हणाल्या. "परभणीला नेल्याबिगर उपाय न्हाई."

नदीकाठच्या पूरमोजणी केंद्रातल्या वायरलेसवरून निरोप गेला. उत्तर आलं: हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरेल, पण कडेच्या तारा वरून दिसतील असं काहीतरी करा. सुटं, उडणारं काही ठेवू नका.

तारा दिसत नाहीत? त्यांच्याखाली माझी कित्येक वर्षं गेली होती, पण हे कधी मनातच आलं नव्हतं.

मध्येच वीज आली तर धोका नको म्हणून मी लाइन मागून तोडली, तारांना अर्थिंग दिलं. बायकांनी लाल लुगडी आणली. त्या सुनेच्या सासूनं तर घडी न मोडलेलं आणलं.

"मावशी, फाडावं लागंल."

"फाड की बाबा. त्याच्यासाठीच आणलंय."

बैलगाडीत शिडी उभी करून चौघांनी धरली. मी वर चढून तारांना चिंध्या आवळून बांधत गेलो. खाली माणसं बोलत होती, पण वर आवाज पोचत नव्हता. चहूकडे पाणी चकाकत होतं. आपण गावात नाही, गावाच्या सावलीवर कुठेतरी तरंगतोय, असं वाटत होतं.

ओल्या कडब्याचा धूर केला, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. हेलिकॉप्टर आलं, एक घिरटी घालून तारांसमोर अधांतरी थांबलं, मग वळून पलीकडच्या बाजूनं अलगद उतरलं. सुनेला निजवलेली बाज आत गेली. सोबत नर्सबाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी तोच वैमानिक औषधं घेऊन आला. साताऱ्याकडचा होता. इंजिन बंद करून खाली उतरला आणि पहिल्यांदा तेच सांगितलं, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

सासू मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

मी त्याला विचारलं, "साहेब, चिंध्या नसत्या तर?"

"खांब दिसले असते. खांबांवरून तारेचा अंदाज करायचा. तो चुकला की संपलं."

"त्याला यंत्र न्हाई का?"

"बाहेरच्या देशांत खटपट चालू आहे. रडारच्या लहरी पुढे सोडायच्या, तारेवर आपटून परत आल्या की कानात इशारा वाजेल. धुळीत उतरताना जमीन किती खाली आहे, तेही कळेल."

"वटवाघळावानी?"

तो हसला. "अगदी तसंच."

पुढे कितीतरी दिवस लाइन तपासायला सायकलवर निघालो की मी मध्येच थांबायचो, डोळे मिटून तारेकडे तोंड करायचो. काही परत येतंय का, ते ऐकायचो. वाऱ्याची बारीक गुणगुण तेवढी असायची.

रस्ता सुरू झाल्यावर ती सून एसटीनं परत आली. पोरगी दाखवायला सासूनं मला घरी बोलावलं. मी सुनेला विचारलं, "वरून गाव कसं दिसलं?"

"डोळे मिटलेलेच होते, दादा," ती म्हणाली. "नुस्तं गार वारं लागायलं होतं. लय बरं वाटलं."