भाडं वाघोलीपर्यंतचं
ताज्या रंगाचा वास आला की मला आमचं वाघोलीचं गोदाम आठवतं. एकदा नगरहून रंगाचे डबे घेऊन आलेला ट्रक दारात लागला आणि मालकांचा फोन आला, माल इथे नको, येरवड्याच्या दुकानात पाठवा. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, भाडं वाघोलीपर्यंतचं ठरलंय. पुढं काय पदरचं डिझेल जाळू?” मी फोन स्पीकरवर टाकला. मालक म्हणाले, “अहो, पुण्यातल्या पुण्यात तर जायचंय, त्याचे वेगळे पैसे कसले?” मी त्यांच्याच पगारावर, तरी म्हटलं, “आपण हे एकदा रिक्षावाल्याला सांगून बघा.” ड्रायव्हर मोठ्याने हसला. मग मालक म्हणाले, “किती म्हणतोय तो?” त्याने सांगितलं, त्यांनी मान्य केलं, ट्रक निघाला. हल्ली माल उतरवायची जागा बदलायची असली की मालक मला आधी वाढीव भाडं सांगतात आणि मग पत्ता.