आत्यांची कडी

एका शब्दाशी संसार करणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या या बाईंचा 'कडी' या शब्दावर भलता जीव. कुणी साधं "कडी लावा" म्हटलं की त्या विचारणार, "दाराला, झोपाळ्याला की बादलीला?" साखळीतली कडी निराळी, कानातली निराळी, कुणावर केलेली त्याहून निराळी, सगळ्या एका जाड वहीत नोंदवलेल्या. एका लग्नात वाढपी "कडी घ्या, कडी" करत आला, तेव्हा आत्यांनी वाटी पालथी घातली. "आधी 'ढ' म्हणायला शिका, मग वाढा." तो बिचारा पंगत उठेपर्यंत 'ढ, ढ' पुटपुटत फिरत होता. हार्डवेअरच्या दुकानात कडी मागितल्यावर दुकानदाराने "कोणती?" एवढंच विचारलं आणि व्याख्यान सुरू झालं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "आजी, कानातली पुढच्या गल्लीत. इथे फक्त दाराची."

आणि दाराच्याच कडीने त्यांना गाठलं. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी फोन आला, "घाबरू नका, पण मी झोपायच्या खोलीत अडकलेय. कडी निघत नाही." घराची एक किल्ली आमच्याकडे असते. आम्ही मांजरी गावातल्या ओळखीच्या सुताराला गाडीत घातलं आणि धावलो. त्याने दाराच्या फटीत पटाशी घालून चाचपलं. "आज्जी, कडी गंजून बसली हाय. कोयंडाच तोडावा लागंल."

आतून आवाज आला, "तोडा! पण मग कोयंडा तुटला म्हणा, कडी तुटली असं गावभर सांगू नका."

तो हसला आणि ठोकता ठोकता बोलू लागला. "आमच्या आज्ज्याच्या मोटेला बी तोंडाशी अशी लोखंडी कडी व्हती, पार घमेल्याएवढी. हिरीतनं पाणी काढायची कातडी मोट वो."

आत एकदम सामसूम. "आत्या! अगं आत्या!" बायकोने हाका मारल्या. आत्यांचा रक्तदाब आठवून तिचा चेहरा पांढरा पडला. सुतार खांद्याने धडक द्यायला मागे सरकला, तेवढ्यात आतून ओरडा आला, "थांबा हो, लिहितेय! मोटेची कडी माझ्याकडे नव्हती. यांनी माझ्यावरच कडी केली!"

दार उघडलं तेव्हा आत्या वही पोटाशी धरून उभ्या होत्या, केस विस्कटलेले, डोळे लख्ख. सुताराला त्यांनी दोनदा चहा पाजला आणि मोटेचं चित्र काढून घेतलं. "नवी कडी बसवू का?" त्याने विचारलं.

"आतून नको," त्या हळूच म्हणाल्या.

तो गेल्यावर आम्हीही चपला घालू लागलो. आत्यांनी बायकोचं मनगट धरलं.

"घरी काही काम आहे का गं?"

"नाही."

"मग बस की थोडं."

आम्ही बसलो. बराच वेळ त्यांनी तिचा हात सोडला नाही.