उठू न देणारा सोफा

खुर्च्यांच्या कारखान्यात एक माणूस फक्त बसण्याचा पगार घेत असे. तशी माणसं प्रत्येक कचेरीत सापडतात, पण याचं बसणं हेच त्याचं खरंखुरं काम होतं. नवी खुर्ची तयार झाली की तो येई, शर्ट खाली ओढून घेई आणि धप्पकन अंग टाकून देई. काही मोडलं नाही की खुर्ची पास. सगळे त्याला बैठकराव म्हणत. देहानं कपाटाएवढा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! "मी ज्यात मावलो त्यात कुणीही मावेल," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

मग त्याच्या रक्तातली साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक इंजेक्शन लिहून दिलं. त्यानं भूक मरते आणि वजन उतरतं.

"पण नुसतं इंजेक्शन घेऊन भागणार नाही," त्यांनी बजावलं. "भूक नसली तरी अंडी, डाळ, दही पोटात गेलंच पाहिजे. आणि रोज हात न टेकता खुर्चीतून उठबस करायची. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील. काट्याला त्यातला फरक कळत नाही."

बैठकराव मनातल्या मनात हसला. ज्याचा जन्म खुर्चीत गेला त्याला ही बाई उठबस शिकवणार! इंजेक्शन तेवढं त्यानं इमानेइतबारे घेतलं, बाकीचं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. खरी गोष्ट अशी की तो बसायचा वजनानं आणि उठायचा हातांनी. खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय तो कित्येक वर्षांत उठलेला नव्हता.

भूक अशी गेली की ताट समोर आलं तरी ते दुसऱ्या कुणाचं असावं तसा तो त्याकडे बघत राही. बायको उकडलेलं अंडं सोलून पुढे करी. "ठेव, मग खातो," तो म्हणे, आणि ते अंडं संध्याकाळी मांजराला जाई. पँट ढिली झाली, मान दिसू लागली. शेजारीपाजारी तोंड भरून कौतुक करू लागले.

कारखान्यात मात्र मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "बैठकराव, तुम्ही असे वाळलात तर आमच्या खुर्च्यांवर विश्वास कोण ठेवणार?"

शहाण्या माणसानं वाळूचं पोतं आणून खुर्चीवर ठेवलं असतं. पण मग बैठकरावाचं काय करायचं? म्हणून तोडगा असा निघाला की जेवढं वजन उतरेल तेवढी वाळू त्याच्या अंगावर चढवायची. बायकोनं गाद्यांच्या उरलेल्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, त्याला कप्पेच कप्पे केले. इंजेक्शन झालं की एक कप्पा भरायचा. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर तो हलका होत गेला आणि मालकीणबाईंच्या खुर्चीवर होता तेवढाच भारी राहिला. दोघी खूश होत्या. पायांना कुणी विचारलं नाही.

अशात एक हॉटेलवाला नवा सोफा बघायला आला. सोफा बुटका, खोल, बिनहातांचा. बैठकराव जाकीट घालून बसला. काही वाजलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"उठा आता," मालकीणबाई म्हणाल्या.

त्यानं हात टेकले तर ते कोपरापर्यंत गादीत गेले. मांड्यांना हुकूम सोडला तर मांड्या ढिम्म. "बसतो जरा," तो कसनुसं हसत म्हणाला.

हॉटेलवाल्याचे डोळे चमकले. "वा! माणसाला उठावंसंच वाटत नाही! आमची गिऱ्हाइकं अशी बसली तर चहावर चहा मागवतील."

"आमची खासियतच ती," मालकीणबाईंनी डोळ्याची पापणी न हलवता ठोकून दिलं. भागीदारांना घेऊन पुन्हा येईन, याच माणसाला याच सोफ्यात बघू आणि मग मोठी ऑर्डर देऊ, असं सांगून हॉटेलवाला गेला. त्याला पोचवायला सगळे फाटकापर्यंत गेले.

बायको डबा घेऊन आली तेव्हा तो तिथंच होता.

"अहो, चला जेवायला."

"उठता येत नाहीये गं."

तिला आधी थट्टा वाटली. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. तिनं कापड कापायची कात्री आणली आणि जाकिटाचे सगळे कप्पे फाडले. वाळू सोफ्यावरून जमिनीवर सांडली. आता तो लग्नात होता त्याहूनही हलका होता.

"आता उठा," ती म्हणाली.

त्यानं दात-ओठ खाऊन जोर लावला, जरासा हलला आणि परत खाली बसला. तेव्हा मात्र तो घाबरला. वाळू नव्हती, चरबी नव्हती, आणि तरी त्याला स्वतःचं ओझं उचलवत नव्हतं. तो लहान पोरासारखा रडला. शेवटी बायकोनं आणि कारखान्यातल्या सुतारानं त्याला बखोट धरून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सुतारानं त्याच्यासाठी उंच स्टूल केलं, इतकं उंच की बसला आहे की टेकला आहे तेच कळू नये. हात छातीशी बांधून त्यावरून उठायचं. ते सहज जमू लागलं की सुतार स्टुलाचे पाय बोटभर कापी. इंजेक्शन चालूच होतं, पण आता सोललेलं अंडं लगेच तोंडात जाई आणि डाळ तो औषधासारखी नाक मुरडत पिई. मांड्या लटपटत, तो बायकोवर खेकसे, ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. स्टूल खाली खाली येत गेलं.

हॉटेलवाला भागीदारांना घेऊन आला. मालकीणबाई बैठकरावाच्या कानाशी लागल्या. "नुसतं बसून राहायचं. उठलात तर ऑर्डर गेली, आणि तुमची नोकरीसुद्धा."

बैठकराव सोफ्यात बसला. भागीदार वाट बघत उभे राहिले.

"बघा, हलत नाही!" हॉटेलवाला म्हणाला.

"की याला उठताच येत नाही?" एका भागीदारानं हसत विचारलं.

दाराशी बायको डबा घेऊन उभी होती. तिनं नजर जमिनीकडे वळवली. नोकरी तिलाही हवीच होती. बैठकरावानं हात छातीशी बांधले आणि तो उठला.

"हा तर उठला!" कुणी फसवल्यासारखा हॉटेलवाला ओरडला. मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हो," असं म्हणून बैठकराव परत बसला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग तो पुन्हा उठला.