सुभेदारांची पागा

आमचे सुभेदार रिक्षा कधी लावत नसत, बांधत असत. सकाळी स्टँडवर आले की इंजिन बंद करायचे, हँडलवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "बांधला." गॅस भरायला निघाले की, "घोड्याला चंदी घालून येतो." एकदा समोरच्या सोसायटीतल्या एक बाई रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "अहो, तुमचा घोडा मीटरनं पळतो ना? की त्याची मर्जी सांभाळायची?" सुभेदार म्हणाले, "ताई, मर्जी घोड्याला नसते, स्वाराला असते. आणि आज स्वार खुशीत आहे." मग मीटर टाकला आणि निघाले.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पेन्शन होती, घर होतं. रिक्षा कशाला घेतली असं विचारलं तर म्हणायचे, "घरी सगळे माझे वरिष्ठ. इथं तरी बरोबरीचे भेटतात." आमचा स्टँड कोथरूडच्या गावठाणाबाहेर, भाजीवाल्यांच्या कडेला. मी तिथला सर्वांत जुना. शाळा चौथीपर्यंत, पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. पण समोरच्या सोसायटीचं पार्किंग आहे तिथं माझ्या आजोबांची ज्वारी उभी असायची, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. सुभेदारांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्ही इथले वतनदार. हुकूम करा आप्पा, घोडा कुठं बांधू?" माणूस मला तिथंच पटला.

स्टँडला 'पागा' हे नाव त्यांनीच दिलं. मराठ्यांच्या फौजेत घोडदळाची दोन अंगं होती, असं ते सांगायचे. घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येईल तो शिलेदार. ज्याला घोडा सरकार देतं, तो बारगीर. आणि त्यांची घोडी जिथं बांधलेली ती पागा. "शिलेदार हा फारसी शब्द," ते म्हणायचे, "हत्यार बाळगणारा." हे त्यांना पलटणीतल्या पंडितजींनी सांगितलेलं. खरं-खोटं पंडितजी जाणोत, पण सुभेदार सांगायला लागले की भाजीवाले वजन करायचे थांबत.

मग आमच्यात वाटण्या व्हायला कितीसा वेळ. ज्याची रिक्षा स्वतःची तो शिलेदार. जो मालकाची रिक्षा पाळीनं चालवतो तो बारगीर. मी अर्थात शिलेदार. दत्ता नावाचा एक तरणा गडी होता, तो मालकाची चालवायचा, म्हणून बारगीर. चहा आला की आधी शिलेदारांनी घ्यायचा, मग बारगिरांनी, हा कायदा मी केला. कुणीतरी करायला हवाच होता. दत्ता म्हणायचा, "आप्पा, आमच्यापर्यंत चहाची नुसती वाफ येते." मी म्हणायचो, "घोडा घे, मग गरम पी." सुभेदार हसायचे. त्यांचा ग्लास कायम शेवटचा असायचा. ते गप्पांत मागं राहतात, असं मला वाटायचं.

दसऱ्याला आम्ही रिक्षांना हार घालून पेढे ठेवायचो. सुभेदार त्यांच्या रिक्षापुढं भिजवलेले हरभरे ठेवायचे. "घोड्याला पेढा चालत नाही, पोट बिघडतं." पूजा झाली की तेच हरभरे मीठ लावून सगळ्यांना वाटायचे आणि म्हणायचे, "खा, उद्या पळायचंय."

अशी मजेत वर्षं गेली आणि माझ्या रिक्षाचं वय भरलं. नियमाप्रमाणे ती मोडीत गेली. मुलगा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. तो म्हणाला, "बाबा, नवीन घ्यायची नाही हं. आता रिटायर व्हा, चिल करा." मी घरात बसलो. चिल करणं म्हणजे काय, ते मला दोन दिवसांत कळलं. सून टीव्ही लावून द्यायची, मी बंद करायचो. भाजी आणायला जायचो तेही लांबच्या गल्लीनं, स्टँड टाळून. कारण तेवढ्यात दत्तानं स्वतःची रिक्षा घेतली होती. दत्ता शिलेदार झाला आणि मी पायी.

त्याच सुमारास सुभेदारांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रिक्षा चालवायला मनाई केली. एका दुपारी काळा चष्मा लावून, चाचपडत आमचे दोन जिने चढून ते घरी आले. बसायच्या आधीच बोलले.

"आप्पा, घोडा बांधून ठेवलाय. बसून बसून त्याचे पाय आखडतील. तुम्ही चालवा."

"दत्ताला सांगा."

"दत्ताला स्वतःचा आहे."

"मग दुसरा बघा. मी आजवर दुसऱ्याच्या घोड्यावर बसलो नाही."

सून चहा घेऊन आली. सुभेदारांनी तो शांतपणे संपवला. मला वाटलं, आता उठतील.

"आप्पा, फौजेत माझी बंदूक कुणाची होती?"

"सरकारची."

"बूट?"

"सरकारचेच."

"निवृत्त झालो त्या दिवशी सगळं मोजून परत घेतलं त्यांनी. मग मी कोण झालो? सबंध नोकरी बारगीर होतो मी. सुभेदार झालो तरी बारगीरच."

मी रिकामी कपबशी उगाच बाजूला सरकवली.

"बार म्हणजे ओझं," ते म्हणाले, "आणि गीर म्हणजे घेणारा. दुसऱ्याचं ओझं घेतो तो बारगीर. पंडितजी असंच सांगायचे. यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?"

"मग हे आधी नाही सांगितलंत. इतकी वर्षं आम्हाला शिलेदार, शिलेदार म्हणत बसलात."

"तुम्ही छाती काढून बसायचात आप्पा. बघायला बरं वाटायचं."

त्यांनी किल्ली टीपॉयवर ठेवली आणि कठडा धरून जिना उतरले. मी त्यांचं ऐकून गेलो असं कुणी समजू नये. टीव्हीवरच्या एका मालिकेत दोन जावांचं भांडण महिनाभर मिटेना, त्याला कंटाळून मी दुसऱ्या दिवशी किल्ली उचलली.

स्टँडवर गेलो तर सुभेदार काळा चष्मा लावून बाकावर हजर. चहा आला. दत्तानं ट्रे धरला आणि माझ्याकडं बघून दात काढले. "काय आप्पा, कायदा लावायचा का?"

"लाव की," मी म्हणालो. "कायदा म्हणजे कायदा. मी शेवटी घेईन."

"शेवटचा ग्लास माझा आहे," बाकावरून सुभेदार म्हणाले. "फौजेत आधी जवान जेवतो, मग सुभेदार. रांग मोडू नका."

दत्तानं पहिला ग्लास मला दिला, दुसरा दुसऱ्या एका बारगिराला आणि स्वतः सुभेदारांच्या शेजारी जाऊन बसला. त्या दिवसापासून पहिला चहा कुणाला, यावर स्टँडवर कुणी बोललं नाही. कायदा मी केला होता, पण रद्द कुणी केला ते सांगता यायचं नाही.

सुभेदारांचे डोळे सुधारले. मी किल्ली परत करायला गेलो तर म्हणाले, "आता मला मागं बसायची चटक लागली." रोज सकाळी मी त्यांना घरून घ्यायचो आणि स्टँडवर आणायचो. वाटेत त्यांच्या सूचना चालू. "लगाम ढिला सोडा आप्पा. खड्डा त्याला दिसतोय." कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबाखाली गर्दीत अडकलो की ते मागून दुचाकीवाल्यांना शांतपणे सांगत, "बाळ, जा पुढं. युद्ध तिकडंच आहे."

पुढं सुभेदारांच्या पत्नी वारल्या आणि मुलीनं सुभेदारांना वाघोलीला आपल्याकडं न्यायचं ठरवलं. सामान टेम्पोतून गेलं. सुभेदार रिक्षातूनच जायचं म्हणून हटून बसले. नगर रस्त्याला उन्हात रांगत, धूर खात आम्ही मुलीच्या सोसायटीपाशी पोचलो. ते उतरले आणि बिल्डिंगकडं मान वर करून बघत राहिले. "सहावा मजला," म्हणाले. "घोडा काही वर यायचा नाही. आप्पा, तो आता तुमच्या नावावर करून टाकू. परत शिलेदार व्हा."

"नको," मी म्हणालो.

"का? रुसलात?"

"माझ्या नावावर झाला की मुलगा म्हणेल, विका आणि घरी बसा. तुमचा आहे तोवर मला सांगता येतं, दुसऱ्याची जोखीम आहे, टाकता येत नाही."

सुभेदार इतके हसले की सोसायटीचा वॉचमन बाहेर आला. मग त्यांनी मला अगदी रीतसर सलाम ठोकला. तो परत कसा करतात ते मला ठाऊक नाही. मी हात जोडले.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. कागदांवर आता त्यांच्या मुलीचं नाव आहे. ती म्हणते, काका, झेपेल तोवर चालवा. माझा मुलगा मात्र रोज एकदा विषय काढतोच. परवा जेवताना म्हणाला, "बाबा, आता तरी उतरा. सुभेदारकाका राहिले नाहीत."

मी म्हणालो, "तीच तर अडचण आहे. मला उतरायचा हुकूम त्यांनी द्यायला हवा होता. तो न देताच गेले."

सुनेनं हसू दाबत भाकरी वाढली. मी जेवलो, हात धुतले आणि गॅस भरायला निघालो.