सभेत दाखवलेला क्लॅम्प

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये वकील गल्लोगल्ली, पण पेटंटचा वकील म्हणजे वाळवंटातला नावाडी. माझा मित्र तो धंदा करायचा आणि वर राजकारणही. दिवसभर लोकांची गुपितं पोटात ठेवायची, संध्याकाळी चौकात घसा फाटेस्तोवर बोलायचं! असलं पोट कधीतरी फुटणारच. फुटलं ते माझ्यावर.

मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, एका झटक्यात पकडणारा क्लॅम्प मी माझ्या छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये बनवला होता. त्यात हत्तीचा पाय धरला असता तर हत्तीनं माफी मागितली असती. चाकणची एक कंपनी घ्यायला तयार होती. पेटंट मिळालं की कर्जात बुडालेली शेड वाचणार होती. या वकील मित्रानंच बजावलं, "अर्ज जाईपर्यंत बायकोलाही दाखवू नकोस. चारचौघांत दिसला की त्याचं नवेपण संपलं." मी बायकोला दाखवला नाही. नमुना त्याच्याकडे दिला.

तेवढ्यात महापालिकेची निवडणूक लागली आणि हा उभा राहिला. संत तुकाराम नगरातल्या सभेला पाच लाख माणूस होतं, म्हणजे साठेक. गडी रंगात आला, पिशवीतून माझा क्लॅम्प काढला आणि टेबलाची कड पकडून दाखवली. "हे बघा आपल्या मातीतलं डोकं!" टाळ्या पडल्या, फोन वर झाले. मी मागेच उभा होतो; नवेपण संपलं ते तिथंच.

सकाळी तो स्वतःच शेडवर आला.

"एक वाट आहे. तुझ्या परवानगीशिवाय मी दाखवला, असं मी शपथेवर लिहून द्यायचं, म्हणजे नवेपण गेलं असं धरत नाहीत. आणि अर्ज लगेच करायचा."

"मग लिही की!"

"आत्ता? विरोधक त्याचे फ्लेक्स लावतील राव. अशिलाचं गुपित फोडणारा वकील! मतदान होऊ दे, दुसऱ्या दिवशी देतो."

मित्र तो. मी थांबलो.

तो निवडून आला आणि दुसऱ्या दिवशी, गुलाल कानात तसाच, त्यानं लिहूनही दिलं, अर्जही केला. शब्दाचा पक्का! पण अर्ज फेटाळला गेला. कळल्याबरोबर का नाही आलात, असं पेटंट ऑफिसनं विचारलं; मतदान व्हायचं होतं, हे कारण तिथं चालत नाही. तोवर तसाच क्लॅम्प दुसरीकडे स्वस्तात मिळू लागला होता.

परवा त्याची शोकसभा झाली. नगरसेवक म्हणून त्यानं केलेली गटारं, दिवे, पाणी. लोक भरभरून बोलले. एरवी माझं तोंड बंद करायला पोलीस बोलवावे लागतात, पण माइक हातात आला आणि "दिलदार माणूस" एवढंच बोलून मी तो पुढच्याला दिला.

खाली उतरलो तर त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर फार जीव होता त्यांचा."

होता. ते मलाही माहीत आहे. मी हात जोडले आणि शिफ्टला निघालो, दुसऱ्याच्या शेडमध्ये.