मदतीला माणसं हवीत

वेल्फेअरची किल्ली ऑड्री टीझडेलच्या एप्रनच्या खिशात असायची, आणि ब्रॅकनलॉ गावात त्याहून मोठा मान नव्हता.

वेल्फेअर म्हणजे गावचा हॉल. खाणीत उतरणाऱ्या माणसांनी आपल्या पगारातून पेनी पेनी काढून तो बांधला. मालकानं एक वीट दिली नाही आणि सरकारनं एक खिळा दिला नाही. पुढे खाण बंद झाली, तिच्या ढिगाऱ्यावर गवत उगवलं, त्यावर मेंढ्या चरू लागल्या, तरी हॉल उभाच. आपल्या आजानं त्याच्या विटा वाहिल्या असं ऑड्री सांगायची. तिचा आजा विटा वाहत नव्हता, वाहणाऱ्यांना शिव्या देत होता, असं विल्फ कोल्सन म्हणायचा. हे भांडण पन्नास वर्षं चालू होतं आणि दोघांनाही ते संपवायचं नव्हतं.

ऑड्री अठ्ठ्याहत्तर वर्षांची. अंगानं काटकुळी, पण पाठ ताठ. तिची उमेदीची वर्षं शिवणकारखान्यात गेली. नवरा लेस खाणीत होता. तो जाऊनही आता बराच काळ लोटला. खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी अख्ख्या गावात कुणाच्या घरी पगार येत नव्हता. तेव्हा याच हॉलच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिनं गावाला वर्षभर जेवू घातलं. बटाट्याचं साल जाड निघालं तर ती भल्याभल्यांच्या हातातून सुरी काढून घ्यायची. ‘जाड सालाबरोबर अर्ध्या माणसाचं जेवण जातं,’ हे तिचं वाक्य गावातल्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे.

त्या हिवाळ्यात गॅसचे आणि विजेचे दर असे चढले की लोक घरातसुद्धा कानटोपी घालून बसू लागले. बऱ्याच घरांत मीटरमध्ये आधी पैसे भरायचे आणि मग गॅस यायचा. पैसे संपले की शेगडी गार. अशात एका मदतनिधीनं वेल्फेअर दिवसभर उबदार ठेवण्याचा खर्च उचलला. अट एकच होती, गरजू माणसं तिथं खरोखर येतात हे दिसलं पाहिजे. ख्रिसमसच्या आधी निधीच्या कचेरीतली एक मुलगी येऊन बघणार होती. कुणी येत नसेल तर खर्च बंद, आणि खर्च बंद म्हणजे वसंतापर्यंत हॉलला कुलूप.

ऑड्रीनं स्वतःच्या हातानं दारावर पाटी लावली. ‘गरजूंसाठी उबदार खोली. चहा आणि सूप फुकट.’ अक्षरं एवढी मोठी की रस्त्यापलीकडूनही वाचता यावीत. मग हॅमची हाडं घालून तिनं मोठं पातेलं चढवलं आणि वाट बघत बसली.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक कुत्रं आलं. मालकिणीनं शिट्टी मारून तेही परत बोलावलं.

ऑड्रीला खरी काळजी होती ती विल्फची. लेस आणि विल्फ खाणीतले जोडीदार. विल्फची छाती कोळशाच्या धुळीनं आधीच भरलेली होती, आणि त्याच्या धुराड्यातून धूर किंवा घर तापवणाऱ्या बॉयलरच्या नळीतून वाफेचा धागासुद्धा कित्येक दिवसांत निघालेला तिला दिसला नव्हता. डब्यात सूप घेऊन ती त्याच्या दारी गेली. दार वीतभर उघडलं. आत विल्फ कोट, टोपी, मफलर घालून उभा.

“बाहेर निघालायस?”

“आत्ताच आलो.”

“पायात सपाता घालून?”

“माझे पाय, माझ्या सपाता.”

“विल्फ, तुझ्या तोंडातून वाफ येतेय.”

“पाइप ओढत होतो.”

“पाइप सोडून तुला वीस वर्षं झाली.”

“पुन्हा धरला. तुला विचारायला हवं होतं का?” एवढं बोलून त्याला खोकल्याची अशी उबळ आली की दाराची चौकट धरावी लागली.

“हॉलवर चल रे. तिथं गरम आहे. तुझ्या नावाची खुर्ची ठेवलीय.”

“पाटी वाचली मी. अजून डोळे गेलेले नाहीत. गरजूंसाठी आहे ना? मग आयव्ही हेसलपला ने. बिचारीचं मीटर रोज दुपारीच बंद पडतं.” आणि दार लागलं.

आयव्ही दोन घरं सोडून पलीकडे राहायची. तिनं दार पूर्ण उघडलं, कारण तिला बोलायला कुणीतरी हवंच असायचं. अंगात कोट, कोटावर गाऊन, आणि पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी.

“मला? मला काय धाड भरलीय? विल्फकडे जा. मरायला टेकलाय तो, पण कबूल करेल तर शपथ. आणि ऐक, ऑड्री, राग मानू नकोस, पण लोक तुझ्याबद्दलच बोलतात. तुझ्या खिडकीच्या काचेवर म्हणे आतून बर्फ धरतो.”

“माझं छान चाललंय.”

ऑड्रीनं हे म्हटलं आणि तिलाच ते ऐकू आलं. तोच सूर. अगदी विल्फचा.

कारण आयव्ही खरंच बोलली होती. शरद ऋतू संपता संपताच ऑड्रीनं घरातला हीटर बंद केला होता. रात्री ती लेसचे जुने स्वेटर एकावर एक चढवून झोपायची. हे कुणाला कळू नये म्हणून पडदे दिवसाही ओढलेले असायचे. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं. दिवस मात्र तिचा उबेत जायचा, कारण हॉलची किल्ली तिच्याकडे होती. तिथं तिला काम होतं. काम नसतं तर? तर तीसुद्धा पाटी वाचून तोंड फिरवून गेली असती. आणि ती पाटी तर तिनंच लिहिली होती!

गार झालेलं सूप घेऊन ती घरांच्या मागच्या गल्लीतून परत निघाली. पूर्वी खाणीचा कोळसा याच गल्लीत यायचा. पगाराचाच भाग होता तो. गाडी यायची आणि प्रत्येक दारामागे काळा ढीग ओतून जायची. एकदा लेस पाय मोडून इस्पितळात होता आणि ऑड्रीचे दिवस भरत आले होते. दारामागे ढीग पडला. आता हा आत कोण नेणार, म्हणून ती चुलीशी रडत बसली होती. तेवढ्यात फावड्याचा आवाज आला. दार कुणी वाजवलं नव्हतं. बाहेर पाठमोरा विल्फ कोळसा भरत होता.

“तुला कुणी सांगितलं?” तिनं विचारलं होतं.

“सांगायला कशाला पाहिजे? ढीग वाटेत आहे. माझी सायकल जात नाही.”

विल्फकडे सायकल नव्हतीच.

ही गोष्ट आठवून ऑड्री गल्लीत एकटीच हसली. गावाची रीत तिच्या हाडात मुरलेली होती, आणि तीच विसरून ती दारावर ‘गरजू’ हा शब्द ठोकून बसली होती. हॉलवर येऊन तिनं पाटी उतरवली, उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं, ‘मदतीला माणसं हवीत.’

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती विल्फच्या दारात. हातात डबा नाही, काही नाही.

“आज काय?” विल्फ म्हणाला.

“काही नाही. सूप बिघडलंय. दुकानातले लीक आणलेत मी.”

लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा पैलवान भाऊ. आमच्या भागात माणसं ते स्पर्धेसाठी वाढवतात. मुलांनाही जपत नसतील एवढं जपतात. विल्फच्या कपाटात कपबश्यांपेक्षा लीकच्या स्पर्धांत जिंकलेले कप जास्त होते.

“दुकानातले?” त्यानं दार सताड उघडलं. “वेल्फेअरमध्ये? दुकानातले लीक?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“तुला कधीच काही कळलं नाही! लेसला लग्नाआधीच सांगितलं होतं मी!”

थोड्याच वेळात विल्फ ढकलगाडीत मनगटाएवढे लीक घालून हजर झाला. ते चिरायला दुसऱ्या कुणाच्या हाती देणं शक्यच नव्हतं. चिरून झाल्यावर पातेल्यावर नजर ठेवणं भाग होतं. संध्याकाळपर्यंत त्यानं टोपी काढली होती आणि मफलर खुर्चीवर टाकला होता. तो सूपमध्ये मीठ किती घालतोय हे बघायला आयव्ही आली. मग कुणी डगमगणाऱ्या खुर्च्या दुरुस्त करायला आलं, कुणी पियानोवरची धूळ पुसायला, कुणी नुसतंच ‘काही हवं का’ विचारायला, आणि त्याला लगेच बटाटे मिळाले. सूप आणि स्टॉटी, म्हणजे आमची जाड गोल पाव-भाकरी, खाऊन सगळे अंधार पडेपर्यंत ‘मदत’ करत बसायचे.

हात चालू असले की तोंडंही चालू.

“गॅस कंपनीनं मदत करावी,” विल्फ म्हणे. “नफा कोण खातंय?”

“सरकारनं,” आयव्ही म्हणे. “कर कशाला भरला मी जन्मभर?”

“तुझ्या पोरानं का नाही?”

“माझा पोरगा ऑस्ट्रेलियात वाळूवर उघडा झोपतो. त्याला थंडी सांगू तरी कशी?”

“कंपनीलाही सोडायचं नाही आणि सरकारलाही सोडायचं नाही,” ऑड्री म्हणाली. “ती भीक नाही, आपलं देणं आहे. दोघांनाही पत्रं गेलीत, पुन्हा जातील. पण ते दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत तोवर हे गाजर कोण किसणार? उचल, विल्फ.”

मग निधीच्या कचेरीतली मुलगी आली. बेथनी तिचं नाव. वयानं लहान, बोलायला गोड. भरलेला हॉल बघून तिला आनंद झाला.

“मिसेस टीझडेल, किती छान! यातले गरजू कोण कोण?”

सुऱ्या थांबल्या.

“इथं गरजू कुणी नाही,” विल्फ म्हणाला. “आम्ही मदतीला येतो.”

“सगळेच?”

“सगळेच.”

बेथनी कावरीबावरी झाली. “पण मग... मला तसंच कळवावं लागेल. मदत करणाऱ्यांना हा निधी देता येत नाही हो. नियमच आहे तसा. मग हॉलचा गॅस...”

ऑड्रीनं खोलीभर पाहिलं. विल्फ टेबलाकडे बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. एकही माणूस हात वर करणार नव्हता. मोडले असते, वाकले नसते. आणि उद्या दाराला कुलूप लागलं की विल्फ पुन्हा सपाता घालून त्या थंडगार घरात बसणार होता.

तिनं एप्रनला हात पुसले आणि व्यासपीठावर चढली. पूर्वी कामगार संघटनेच्या सभा तिथूनच चालायच्या. तिनं पळी टेबलावर आपटली.

“सभा सुरू.”

म्हाताऱ्यांच्या टोप्या सवयीनंच डोक्यांवरून उतरल्या.

“ठराव असा. ज्यांनी या हिवाळ्यात आपल्या घरातला हीटर बंद ठेवलाय, त्यांच्यासाठी हे सभागृह उघडं राहावं. मत फक्त हीटर बंद असलेल्यांना. बाजूनं असतील त्यांनी हात वर करायचे. सूचक, ऑड्री टीझडेल.”

आणि तिनं स्वतःचा हात वर केला. बाही खाली घसरली आणि तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, लेसच्या स्वेटरांच्या बाह्या सगळ्यांना दिसल्या. तिनं त्या झाकल्या नाहीत. असाच हात तिनं संपाच्या वर्षी इथलं स्वयंपाकघर चालवण्याच्या ठरावालाही वर केला होता.

मग खुर्ची करकरली.

“अनुमोदन,” विल्फ उभा राहून म्हणाला. “फक्त नोंद करा, लीक माझे आहेत.”

आयव्हीनं दोन्ही हात वर केले.

“एका माणसाला एकच मत गं!” ऑड्रीनं बजावलं.

“माझ्या दोन्ही खोल्या गार आहेत!”

कुणीतरी खळखळून हसलं आणि त्या हसण्याबरोबर हात वर होत गेले. मागच्या रांगेतले, पियानोजवळचे, खिडकीतले. गाठी पडलेली बोटं, कोळशाचे निळे डाग राहिलेली मनगटं, शिवणयंत्रानं वाकलेले अंगठे. एकही मान खाली नव्हती. बेथनी मोजत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

“विरोधात कोण?” ऑड्रीनं विचारलं.

पातेलं खदखदलं.

“ठराव एकमतानं मंजूर.” पळी पुन्हा आपटली आणि ती खाली उतरली. विल्फजवळून जाताना क्षणभर थांबली.

“धन्यवाद म्हणणार असशील तर म्हणू नकोस,” तो पुटपुटला. “तू वाटेत उभी होतीस. माझी सायकल जात नव्हती.”

बेथनीनं डोळे पुसले आणि कोट उचलला. “आता मला काही अडचण नाही, मिसेस टीझडेल. मी निघते.”

“निघतेस कुठे, पोरी? दारावरची पाटी वाचली नाहीस का?” ऑड्रीनं तिच्यापुढे बटाट्यांची परात सरकवली आणि हातात सुरी दिली. “बस इथं विल्फजवळ. आणि साल पातळ काढ.”