झिऱ्याची माय

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवाच्या दर्शनाला नाही, देवाशी भांडायला निघाले होते. लातूरला क्लासच्या पोरांसाठी माझी खानावळ आहे. नवरा गेल्यापासून चाळीस पोरांचं दोन वेळचं जेवण एकटीच्या जिवावर ओढते, त्यामुळे जीभ जरा तिखट झालीय. पोरं माघारी मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. एकदा मनावर घेतलं की तडीस न्यायचं, हा माझा स्वभाव. पण अण्णांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, माझं काही चालेना. त्यांची आठवण हळूहळू पुसत चालली होती. आधी गल्ली विसरले, मग जेवलो की नाही ते विसरायला लागले, आणि गेल्या दिवाळीपासून मलाच विसरले. डॉक्टर म्हणाले, हे परत यायचं नाही. मी म्हटलं, बघू की, कसं येत नाही ते! बदाम झाले, ब्राह्मी झाली, रोज सकाळी समोर बसवून माझं नाव दहा-दहा वेळा म्हणवून घेणं झालं. ते बिचारे म्हणायचे, आणि पाच मिनिटांनी हात जोडून विचारायचे, "बाई, तुमी कुणाच्या?"

आता एक गोष्ट कबूल करते. अण्णा जन्मभर डाळमिलमध्ये हमाली करत आले, पण पहाटे उठून महादेवाच्या पिंडीवर तांब्याभर पाणी घातल्याशिवाय घराबाहेर पडले नाहीत. आठवण गेली तरी हे तेवढं राहिलं, आणि त्याचीच पंचाईत झाली. पाणी घातलं हे लक्षात राहीना, म्हणून दिवसभर घालतच राहायचे. आमच्याकडे नळ कधी येतो ते नळालाच माहीत, उन्हाळ्यात टँकरशिवाय गती नाही. तशात हे हंडेच्या हंडे रिकामे करायचे. एक दिवस भात टाकायलाही घरात पाणी उरलं नाही. माझं डोकं सणकलं आणि मी त्यांचा पितळी तांब्या पिठाच्या डब्यात लपवून ठेवला. म्हातारा चार दिवस घरभर तो शोधत फिरला. पलंगाखाली, कोनाड्यात, चपलांच्या ढिगात. मला येऊन विचारायचे, "बाई, माझा तांब्या बघितला का वो?" आणि मी, त्यांची सख्खी लेक, त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची. पाचव्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. तेव्हा मात्र मला माझी शरम वाटली.

परीक्षा संपून पोरं आपापल्या गावी गेली. शेजारणीनं कितीदा तरी सांगितलं होतं, अण्णांना सहस्रकुंडच्या महादेवाला घेऊन जा, तिथं अभिषेक कर. माझा विश्वास केव्हाच उडाला होता. पण म्हटलं, जाऊ. या माणसानं आयुष्यभर तुला पाणी घातलं आणि त्याचं तू हे फळ दिलंस का, असं एकदा देवाला समोरासमोर विचारूनच येऊ. तांब्या डब्यातून काढला, धुतला आणि अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला तो मुदखेडला गाडी तासभर खोळंबली तरी खाली ठेवला नाही. सकाळी आम्ही सहस्रकुंडजवळच्या इस्लापूरला उतरलो. त्यांना लिंबाच्या झाडाखाली बाकावर बसवलं, "हलू नका बरं का" म्हणून बजावलं आणि समोरच्या दुकानात नारळ, बेल, फुलं घ्यायला गेले. दुकानदाराशी नारळावरून थोडी हुज्जत घातली. वळून बघते तर बाक रिकामा. खाली चपला तेवढ्या होत्या. अण्णाही नव्हते आणि तांब्याही.

पुढचे पाच-सहा तास कसे गेले ते माझं मला माहीत. रिक्षा करून स्टेशन, बाजार, देऊळ, धबधबा सगळं पालथं घातलं. चौकीत नाव, वर्णन सांगितलं. येईल त्याला धरून विचारलं, "तांब्या घेतलेला म्हातारा बघितला का? पायात चप्पल नाही." कुणी म्हणे नदीकडे गेला, कुणी म्हणे आता तर इथं होता. वैशाखातलं ऊन, त्यात अनवाणी म्हातारा, आणि खाली पैनगंगेचे ते काळे कातळ. भलतंसलतं मनात येऊ नये म्हणून मी मोठ्यानं स्वतःशीच बोलत होते, मी त्यांना घेतल्याशिवाय लातूरला पाऊल ठेवणार नाही. दुपारी एक गुराखी म्हणाला, सकाळी असा एक बाबा रानाच्या गाडवाटेनं जाताना दिसला होता. रिक्षा तिकडे जाईना, म्हणून मी पायी निघाले. हातातली पिशवी जड झाली तशी मी फुलं, नारळ सगळं एका पळसाखाली ठेवून दिलं. देवाला म्हटलं, घे बाबा, मला आता काही विचारायचं नाही, फक्त माझा माणूस दे.

वाट ओढ्यात उतरली. पलीकडे आंध आदिवासींची लहानशी वाडी होती. ओढा कोरडा, पण मधोमध वाळूत मोठा खड्डा केलेला आणि भोवती वीस-पंचवीस माणसं, बायका, म्हातारे. सगळे करवंट्यांनी वाळू उपसत होते, आणि नवल म्हणजे कुणी एक शब्द बोलत नव्हतं. मी धावतच गेले आणि ओरडले, "अहो, माझे वडील हरवलेत! म्हातारे आहेत, हातात तांब्या आहे!" एकानंही तोंड उघडलं नाही. एक म्हातारी तेवढी उठली. तिनं ओठावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघून चक्क हसली, आणि माझ्या हातात करवंटी देऊन खड्ड्याकडे बोट दाखवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं माझा बाप उन्हात मरतोय आणि ही बया मला वाळू उपसायला सांगते! मी पाठ फिरवली. नदीच पुन्हा एकदा धुंडाळायची असं ठरवून दोन पावलं टाकली असतील, तर तिनं मनगट धरलं. तिची पकड काय सांगू, माझ्यासारख्या चाळीस माणसांची कणीक मळणाऱ्या बाईला हात सोडवता आला नाही. की सोडवायचाच नव्हता, कोण जाणे. मी मटकन वाळूत बसले.

मग मी उपसायला लागले. रागारागानं एक करवंटी, दुसरी, तिसरी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालत होते. सकाळपासून मी नुसती पळत होते, हुकूम सोडत होते, देवाला दटावत होते. आता करण्यासारखं माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं, फक्त ती ओली होत चाललेली वाळू होती. मनात म्हटलं, माझ्यानं होत नाही आता, तूच बघ. तेवढं म्हटलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. किती वेळ गेला कळलं नाही. बोटांना गार लागलं. तळाशी पाणी पाझरलं होतं, आधी गढूळ, मग हळूहळू निवळ. म्हातारीनं पहिल्या करवंट्या काठावरच्या दगडी डोणीत ओतल्या. डोण भरली तसे सगळे एकदम बोलायला, हसायला लागले. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून कुणीतरी माझ्यापुढे पितळी तांब्या धरला.

"पी बाई. लई उनाची आलीस. अगोदर पी, मग सांग कुणाची लेक हायस ती."

अण्णा होते! डोक्याला कुणाचं तरी उपरणं, पायात कुणाच्या तरी वहाणा, खांद्यावर जांभळाच्या पाल्याचा चुरा. झिऱ्यावर, म्हणजे वाळूतल्या त्या पाण्याच्या खड्ड्यावर, सावली करायला वाडीतले दोन म्हातारे वाऱ्यानं पडलेल्या फांद्या आणायला गेले होते आणि हे त्यांच्याबरोबर गेले होते. मी अण्णांचे पाय धरले आणि लहान पोरीसारखी रडले. ते आपले म्हणत होते, "अगं पी की, पाणी चांगलं हाय."

मग म्हातारीनं सगळं सांगितलं. "झिऱ्याची माय, म्हंजी हे पाणी, उन्हाळ्यात वाळूची वाकळ पांघरून निजती. वर्षातून या एका दिवशी तिला उठवायचं. लोखंड लावायचं न्हाई, बोलायचं न्हाई, न्हाई तर दचकून दुसऱ्या रानात जाती. पहिलं पाणी पाखरांचं अन् ढोरांचं, मग वाटसराचं, मग आपलं. अन् तहानलेल्याला अगोदर नाव-गाव इचारायचं न्हाई. इचारलं की माय रुसती." सकाळी अण्णा ओढ्यात उतरले तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पाणी पाजलं, भाकरी दिली. ते आपणहून तांब्यानं वाळू उपसायला बसले. पितळ चालतं म्हणे. लहानपणी त्यांनी मांजरा नदीच्या पात्रात असेच झिरे उपसले होते. डोक्यातून सगळं गेलं, हातातून ते गेलं नव्हतं. "तू आलीस तवाच वळखलं म्या," म्हातारी म्हणाली, "नाक त्याचंच हाय. म्हणून हसले, तर तू निघालीस की तरातरा!" मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी कशाला, करवंट्या चांगल्या भरून उपसल्यास.

मी चमत्कार वगैरे काही म्हणत नाही. पण वर्षातला तोच एक दिवस, आणि माझं मनगट धरणारा तो हात. आम्ही देवळात गेलो, हात जोडले, आणि मला भांडायचं आठवलंसुद्धा नाही. जिवंत परत दिलास, एवढंच म्हणाले.

अण्णांना अजून काही आठवत नाही, आणि आता मी नाव घोकून घेत नाही. तांब्या त्यांच्याजवळच असतो. पिंडीखाली परात ठेवलीय. पडलेलं पाणी मी गच्चीवर पाखरांसाठी नेते, उरलेलं कढीपत्त्याला घालते. दुपारी पोरांची पंगत उठली की घामाघूम होऊन मी त्यांच्याजवळ टेकते. ते माझ्याकडे बघतात, तांब्या पुढे करतात आणि मी प्यायल्यावर हळूच विचारतात, "कुणाची गं तू?"

"तुमचीच की अण्णा," मी म्हणते.

"बरं झालं," ते म्हणतात.